गुलमंडीवरून नाईकांचा वाडा

सकाळी साडेसहा. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर शांतता मिळते ती एवढीच वेळ. शटरं खाली आहेत, सुपारी हनुमानापुढे रोजची माणसं येऊन हात जोडून जातायत, चहाच्या गाड्यावर पहिलं दूध तापतंय. कपड्याच्या दुकानावर असलेल्या माझ्या खोलीत दहा वाजल्यानंतर कुठलाही बारीक आवाज ऐकू येत नाही, म्हणून भीतीच्या मालिकेचं काम मी पहाटेच उरकते. दिवाळी अंकाच्या संपादकांना आज रात्रीपर्यंत लेख हवा आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेच्या तिन्ही पर्वांचा आढावा त्यांना नको आहे. एक पर्व घ्या आणि त्याचा निकाल द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मी दुसरं घेतलं.

पहिलं पर्व झी मराठीवर 22 फेब्रुवारी 2016ला सुरू झालं आणि त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आटोपलं. दुसरं 14 जानेवारी 2019 ते 29 ऑगस्ट 2020. तिसरं मार्च 2021मध्ये आलं, टाळेबंदीत अडकलं, पुन्हा उभं राहिलं आणि 2022मध्ये संपलं. सगळं पाहून झालेलं आहे. आज फक्त खुणा करून ठेवलेले भाग पुन्हा बघायचे.

साडेसात. हेडफोन लावून सुरुवातीचे भाग. पहिल्या पर्वात अण्णा नाईक मरतात, मुलंबाळं वाड्यावर जमतात आणि जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघू लागतो. करणी की माणसाचा हात, या प्रश्नावर तो सगळा डोलारा उभा होता. दुसऱ्या पर्वानं मागे जाऊन त्याच अण्णांना जिवंत उभं केलं. रहस्यमालिकेच्या दृष्टीनं हा धोक्याचा निर्णय होता. कोण मरणार आणि कोण उरणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याला रोज रात्री साडेदहाला बसवायचं कशाच्या जोरावर?

माणसाच्या जोरावर. माधव अभ्यंकरांचे अण्णा वाड्यात पाऊल टाकतात आणि घरातल्यांचे आवाज आपोआप खाली येतात. पार्श्वसंगीत काढून टाकलं तरी ती जरब शिल्लक राहते, हे मी आज सकाळी आवाज पूर्ण बंद करून तपासलं. नजर आधी वळते, मान मागाहून. पुढच्याला काय हवंय ते अण्णांना कळलेलं असतं आणि अण्णा ते देणार नसतात. इथे भुताची गरजच पडत नाही. मराठी दूरचित्रवाणी मालिकांत घरातल्या कर्त्या पुरुषाची भीती इतक्या बारकाईनं कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही, आणि या पर्वाचं सगळ्यात मोठं श्रेय मी यालाच देते.

साडेदहा. शटरं वर गेली. खाली गठ्ठे उतरतायत, पैठण गेटकडून येणाऱ्या रिक्षा अडकल्यात. हेडफोन काढून लिहायला बसते.

वाड्याबद्दल लिहायचंय. मालिकेतला वाडा सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातल्या आकेरीचा. मालिका गाजल्यावर लोक मुद्दाम वाट वाकडी करून तो बघायला जाऊ लागले. मला मात्र तो बघताना कोकण आठवतच नाही, माझ्या खिडकीबाहेरचं गाव आठवतं. रंगारगल्ली, कुंभारवाडा, औरंगपुरा या भागांत सागवानी खांबांचे, मधे चौक असलेले वाडे होते. वाटण्या झाल्या, दावे चालले, आणि वाड्यांच्या जागी खाली गाळे नि वर मजले आले. मराठवाड्यातल्या माणसाला मालवणी बोलीतले निम्मे शब्द अडतात, तरीही ही मालिका इथे घरोघर चालली, कारण जमिनीचा कागद, सावत्र वाटा आणि कपाटाची किल्ली यांना बोलीची अडचण येत नाही.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तही घरचा मोठा माणूस गेलेला असतो आणि मुंबईचा मुलगा गावच्या वाड्यावर येतो. 1985चं ते नाटक. त्याची पुढची दोन नाटकं जोडून सलग त्रिनाट्य 1994मध्ये बसवलं ते चंद्रकांत कुलकर्णी यांनी, जे याच शहराच्या रंगभूमीवर घडले. एलकुंचवारांना भूत लागलं नाही. मालिकेला लागलं, पण दुसऱ्या पर्वाचे चांगले भाग तेच आहेत जिथे लेखकांना स्वतःलाच त्या भुताचा विसर पडतो. वाड्यावरचा गडी पांडू घ्या. प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे संवादही लिहीत आणि पांडूही तेच करत. पहिल्या पर्वातलं त्याचं ‘इसरलंय’ पोरासोरांच्या तोंडी बसलं. पण अण्णांसमोर उभा असलेला पांडू नीट बघा. विसरणं ही त्या घरात जगण्याची एक सोय आहे, हे तेव्हा लक्षात येतं.

दुपारी एक. डबा उघडला तेवढ्यात शेजारच्या काकू ताकाचा तांब्या घेऊन आल्या. पडद्यावर शेवंता होती.

‘अण्णा बघायलीस का? परत?’

‘लेख द्यायचाय काकू, आज रात्रीला.’

‘शेवंताच्या साड्या लई भारी होत्या बरं का. आमच्या भिशीत तेवढंच बोलणं. पण मला सांग, माईचं नाव कोणी काढतं का? ती बाई एवढं सोसून गेली, अन् लोकं त्या मेल्याच्या मिशीचं कौतुक करायले.’

काकू ताक ठेवून गेल्या. त्यांच्या या बोलण्यावर माझी दुपार गेली.

शेवंता हे या पर्वाचं यश आहे, यात वाद नाही. पाटणकरांची बायको म्हणून ती गावात येते, आणि अपूर्वा नेमळेकरांनी तिला नुसती मोहिनी होऊ दिलेलं नाही. तिला घर हवंय, नाव हवंय, अण्णांच्या शेजारी राजरोस उभं राहायचंय. तिची ही मागणी साधी आहे आणि ती पुरी होणार नाही हे आपल्याला माहीत आहे. शेवटाची आधीच असलेली कल्पना इथे खरी उपयोगी पडते. तिचं प्रत्येक हसू बघताना पोटात कालवतं. तिसऱ्या पर्वात नेमळेकरांनी मालिका सोडली, कृतिका तुळसकर शेवंता झाल्या, पण तोवर शेवंता भूत झालेली होती आणि तिला हवं असं काही उरलेलं नव्हतं.

चूक झाली ती कॅमेऱ्याची. अण्णा खून करतात, जमिनी लाटतात, बायकांची आयुष्यं उधळतात, आणि कॅमेरा त्यांना खालून, रुबाबात दाखवतो. हळूहळू मालिका आपल्याच खलनायकाच्या प्रेमात पडली. शकुंतला नरे यांच्या माईंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, मात्र चूल, देव्हारा आणि रडणं. नाईकांवर चिडलेली वच्छी निदान भर रस्त्यात तळतळाट करते. माईंना सगळं माहीत असून त्या गप्प राहतात. त्या घरातलं खरं गूढ ते आहे, आणि लेखकांनी त्याला हात घातला नाही. हा परिच्छेद मी चारदा लिहिला, कारण इथे मला मवाळ व्हायचं नव्हतं.

साडेतीन. उन्हातून ग्रंथालयात. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा काढल्या. मतकरी 17 मे 2020ला गेले, तेव्हा सगळ्या मालिकांची चित्रीकरणं मार्चपासून बंद होती. त्यांची कथा पाच-सहा पानांत भीती उभी करते आणि नेमक्या जागी थांबते. दैनंदिन मालिकेला हे थांबणं परवडत नाही. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि आकडे चांगले असतील तोवर गोष्ट लांबते. दुसऱ्या पर्वाचा मधला पट्टा याच कारणानं सैल आहे. तेच कट, तेच कान देऊन ऐकणं, भागाच्या शेवटी दारावर पडणारी तीच थाप. जुलै 2020मध्ये नवे भाग सुरू झाले तेव्हा सेटवर माणसांची मर्यादा होती आणि पासष्टीपुढच्या कलाकारांना मज्जाव. ती अट मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये रद्द केली. त्या शेवटच्या भागांत वाडा ओस वाटतो, प्रसंग घाईनं गुंडाळल्यासारखे वाटतात. त्या दिवसांत काम करणाऱ्या मंडळींना मी याचा दोष देणार नाही, पण निकालात नोंद करावीच लागेल.

सहा. खाली पाय ठेवायला जागा नाही, सिटी चौकापर्यंत माणूसच माणूस. खिडकी लावून अवघड मुद्द्याला हात घालते. ही मालिका अंधश्रद्धा पसरवते का? 2016मध्ये कोकणातूनच आक्षेप आले होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013मध्ये, ज्या राज्यानं जादूटोणाविरोधी कायदा केला, तिथे हा प्रश्न टाळून चालणार नाही. मालिकेचं नाव ज्या गाण्यावरून आलं ते 1976च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातलं. तो चित्रपट भुताटकीचं मूळ मनात शोधत गेला. दुसरं पर्वही त्याच वाटेनं बरंच अंतर चालतं. अण्णांना मेलेली माणसं दिसतात ती अण्णांनीच मारलेली असतात, आणि प्रेक्षक ते भास म्हणून वाचू शकतो. तिसऱ्या पर्वानं हा पर्याय काढून घेतला आणि मेलेले नाईक सरळ उठून चालू लागले. म्हणून माझ्या लेखी दुसरं पर्व तिन्हींत सरस आहे.

रात्री नऊ. शटरं उतरतायत. लेख पुरा केला. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी शेवंता गावात येते तिथून सुरुवात करावी, मधले भाग पळवत बघावेत आणि टाळेबंदीनंतरचे सोडले तरी चालतील, असं स्पष्ट लिहिलं. अभिनय शिकणाऱ्या मुलांनी अभ्यंकर आणि नेमळेकर यांचे समोरासमोरचे प्रसंग आवाज बंद करून बघावेत, हेही.

साडेदहाला संपादकांचा फोन आला. ‘ताई, लेख छान झालाय, पण पान भरून वाहतंय. तो माईंचा परिच्छेद काढू का?’

मी म्हटलं, सर, तो राहू द्या, जागा कमी पडत असेल तर अण्णांच्या नजरेचं वर्णन काढा. त्यांनी थोडा विचार केला आणि ते काढलं.