दिव्याखालचे रोप : वऱ्हाडात एलईडी प्रकाशाचा उपयोग

सूर्यप्रकाशाच्या बाबतीत वऱ्हाड हा संपन्न प्रदेश आहे. एप्रिल-मे महिन्यांत अकोला आणि अमरावती येथील पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्यामुळे येथील शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रयत्न प्रकाश मिळविण्याचा नसून तो आवश्यक तेवढाच येऊ देण्याचा राहिला आहे. अंजनगाव सुर्जी परिसरातील पानमळ्यांत शेवरी, हादगा यांसारख्या झाडांच्या विरळ सावलीत नागवेल वाढविली जाते. संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेंदुरजनाघाट येथेही कोवळी रोपे कडक उन्हापासून जपावी लागतात. किती ऊन घ्यावे आणि किती अडवावे, हे शास्त्र या मातीला नवे नाही.

अशा प्रदेशात बंद खोलीत दिवे लावून रोपे वाढविण्याची कल्पना प्रथमदर्शनी अनाठायी वाटण्याचा संभव आहे. तथापि एलईडी दिवे स्वस्त व टिकाऊ झाल्यापासून शहरांतील सदनिकांत, रोपवाटिकांत आणि प्रयोगशाळांत या प्रकाशाचा उपयोग होऊ लागला आहे. त्याचबरोबर, एका खोलीत लाखो रुपयांचे पीक काढण्याची आमिषेही दाखविली जाऊ लागली आहेत. म्हणून दिवे विकत घेण्यापूर्वी वनस्पतीला प्रकाश कसा लागतो, तो कसा मोजावा आणि त्याचा खर्च किती येतो, या तीन गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

डोळ्यांचा प्रकाश आणि पानांचा प्रकाश

माणसाला प्रकाश पाहण्यासाठी लागतो. वनस्पतीला तो अन्न तयार करण्यासाठी लागतो. पानांतील हरितद्रव्य प्रकाशाची ऊर्जा शोषून घेते आणि तिच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड व मुळांवाटे आलेले पाणी यांपासून शर्करा तयार होते. हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश शोषते. उलट, मानवी डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी भासतो. खोली डोळ्यांना लख्ख उजळलेली दिसली, तरी कुंडीतील रोप उपाशी असू शकते, ते यामुळेच.

वनस्पतींच्या उपयोगी पडणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात असतो. या पट्ट्यातील किती प्रकाशकण दर सेकंदाला एक चौरस मीटर जागेवर पडतात, हे मायक्रोमोल या एककाने मोजतात. उन्हाळ्यातील भर दुपारी हा आकडा सुमारे २,००० असतो. पालेभाज्यांना १५० ते २५०, तर नुकत्याच उगवलेल्या रोपांना १०० ते २०० मायक्रोमोल प्रकाश पुरेसा होतो; मात्र तो दिवसाचे १४ ते १६ तास मिळावा लागतो. दिवसभरात मिळालेल्या एकूण प्रकाशाची बेरीज मोल या एककात करतात. २०० मायक्रोमोल प्रकाश १६ तास दिल्यास ही बेरीज सुमारे साडेअकरा मोल होते. वऱ्हाडातील उन्हाळ्याचा एक स्वच्छ दिवस ४० मोलांहून अधिक प्रकाश विनामूल्य देऊन जातो.

एलईडीची वाटचाल

दृश्य प्रकाश देणारा तांबडा एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेतील निक होलोन्याक यांनी तयार केला. प्रखर निळा एलईडी तयार होण्यास मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानी वंशाच्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा दिवा हाती आल्यामुळेच पांढरा एलईडी शक्य झाला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात एलईडीखाली वाढविलेली सॅलडची पाने अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्ली, तेव्हा या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

बाजारात तांबड्या-निळ्या दिव्यांचा जांभळट प्रकाश ‘झाडांचा खास प्रकाश’ म्हणून विकला जातो. तो उपयुक्त असला, तरी अनिवार्य नाही. पांढऱ्या एलईडीमध्ये निळा, हिरवा व तांबडा असे तिन्ही प्रकाश असतात आणि त्यांवर रोपे उत्तम वाढतात. शिवाय पांढऱ्या प्रकाशात पानांचा खरा रंग दिसत असल्यामुळे रोग, कीड वा अन्नद्रव्यांची कमतरता वेळीच ध्यानात येते. शिकणाऱ्याने साध्या पांढऱ्या नळ्यांपासून प्रारंभ करणे श्रेयस्कर होय.

रोपाची भाषा

प्रकाश मोजण्याचे उपकरण महाग असते. परंतु रोप स्वतःच बरेच काही सांगते. दोन पानांमधील पेरे लांबले, खोड बारीक व फिकट झाले आणि रोप दिव्याकडे कलले, तर प्रकाश अपुरा आहे असे समजावे. शेंड्याकडील पाने पांढुरकी पडली किंवा त्यांच्या कडा वळल्या, तर दिवा फार जवळ असण्याची शक्यता असते. छोट्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाईवर येतो. लांब नळ्यांच्या बाबतीत ही घट इतकी तीव्र नसते. म्हणून दिवे साखळीने टांगावेत आणि रोप वाढेल तसे वर घ्यावेत. नळ्या रोपांच्या शेंड्यापासून साधारणतः वीतभर उंचीवर असाव्यात. मांडणीच्या बाजूंना पांढरा पुठ्ठा लावल्यास बाहेर वाया जाणारा प्रकाश परत रोपांवर पडतो.

प्रकाशाइतकेच अंधाराचेही महत्त्व आहे. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो, हे अमेरिकेतील गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. वऱ्हाडातील शेतकऱ्याला या नियमाचा प्रत्यय शिवारातच येतो. जूनमध्ये पेरलेली तूर दिवस आखूड होऊ लागल्यावरच फुलावर येते. सोयाबीनही त्याच जातकुळीचे. रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात रात्रभर राहिलेली सोयाबीनची झाडे शेजारची पक्व झाली तरी हिरवीच राहतात. शेवंतीला रात्री दिवा दाखविला तर फुले लांबणीवर पडतात. उलट, पालकाला फार लांब दिवस मिळाला की त्याला तुरे येतात आणि पाने निरुपयोगी होतात. यास्तव दिवे वेळयंत्राला जोडून ठरावीक वेळीच लावावेत व बंद करावेत. जेथे वीजपुरवठा वारंवार खंडित होतो, तेथे प्रकाशाचे तास भरून काढण्याची तजवीज आधीच करावी.

हिशेब काय सांगतो?

एक चौरस मीटर जागेवर २०० मायक्रोमोल प्रकाश पाडण्यासाठी उत्तम प्रतीच्या एलईडीलाही सुमारे ८० वॅट वीज लागते. रोज १६ तास दिवे लावल्यास दिवसाला १.२८ आणि ३० दिवसांत सुमारे ३८ युनिट खर्च होतात. युनिटचा दर ८ रुपये धरला, तर महिन्याचे विजेचे बिल सुमारे ३०० रुपये येईल. एवढ्या जागेत महिन्याला २ किलो कोथिंबीर निघाली असे गृहीत धरल्यास, वऱ्हाडात सांबार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भाजीचा निव्वळ प्रकाशाचा खर्च किलोमागे १५० रुपये पडतो. बियाणे, मांडणी, दिव्यांची किंमत आणि श्रम यांची गणना यात केलेली नाही.

उन्हाळ्यात सांबार महाग होतो, तेव्हा तरी हा व्यवसाय परवडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या काळात कमतरता प्रकाशाची नसून थंडाव्याची असते. दिव्याला दिलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने खोलीतच राहते. बाहेर ४५ अंश तापमान असताना कोथिंबिरीला मानवेल इतकी खोली थंड ठेवण्याचा खर्च दिव्यांच्या खर्चावर चढतो.

आता रोपांचा हिशेब पाहू. ४ फूट लांब व १ फूट रुंद फळीवर २० वॅटच्या दोन नळ्या लावल्यास ९८ कप्प्यांचे दोन ट्रे, म्हणजे १९६ रोपे, त्याखाली मावतात. रोज १६ तासांप्रमाणे २५ दिवसांत १६ युनिट वीज लागते. त्याच दराने हा खर्च १२८ रुपये, म्हणजे रोपामागे सुमारे ६५ पैसे येतो. मिरची, टोमॅटो वा वांगी यांचे एक रोप पुढे शेतात महिनोन्‌महिने सूर्याच्या प्रकाशावर वाढून उत्पन्न देते. त्याच्या बालपणापुरता दिव्याचा खर्च सोसणे शक्य असते. तरीही हा आकडा जवळच्या रोपवाटिकेतील दराशी ताडून पाहावा. शेडनेटची सोय असल्यास बहुतेक महिन्यांत तोच मार्ग स्वस्त ठरेल. ढगाळ पावसाळ्यात, हंगामाच्या आधी रोपे हवी असताना किंवा अंगण नसलेल्या घरात दिवा उपयोगी पडतो.

दिव्याखालील रोप थेट शेतात नेऊ नये. त्याने सूर्याच्या दहाव्या भागाइतका वा त्याहून कमी प्रकाश पाहिलेला असतो. वऱ्हाडी उन्हात ते एका दिवसात करपून जाईल. ८ ते १० दिवस ते प्रथम सावलीत, मग सकाळच्या उन्हात आणि नंतर अधिक वेळ बाहेर ठेवून कणखर करावे. पाणी आणि वीज जवळजवळ असल्याने भूजोडणी व्यवस्थित करून घ्यावी, उघड्या तारा ठेवू नयेत.

केशराचे आमिष

बंद खोलीतील केशराची चर्चा अलीकडे सर्वत्र ऐकू येते. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात, यावरून त्याच्या किमतीची कल्पना येते. खोलीत ट्रेमध्ये ठेवलेल्या कंदांना फुले येतात, हे खरे आहे. पण ती कंदात आधीच साठलेल्या अन्नावर येतात. फुलांची घडण २३ ते २७ अंशांत होते आणि उमलण्यासाठी तापमान १७ अंशांच्या आसपास आणावे लागते. पुढील वर्षी पुन्हा फुले हवी असतील, तर कंदांना भरपूर प्रकाश, माती आणि दीर्घ थंड ऋतू देऊन नवे कंद पोसावे लागतात. हा दुसरा टप्पा साधला नाही, तर दर वर्षी कंद विकत घेण्याची पाळी येते. वऱ्हाडातील तरुणाने कर्ज काढण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी त्याच कंदांपासून किती फुले आली?

दिव्याचे खरे स्थान

ज्या ठिकाणी वनस्पती लहान, तिचे मोल मोठे आणि वेळ महत्त्वाचा, तेथे दिवा शोभतो. ऊती संवर्धनाने तयार होणारी केळीची रोपे याचे उत्तम उदाहरण आहे. अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या केळी पिकविणाऱ्या तालुक्यांत लागणाऱ्या अशा रोपांचे बाल्य प्रयोगशाळेतील बाटलीत, सुमारे २५ अंश तापमानात आणि रोज १६ तासांच्या कृत्रिम प्रकाशात जाते. पूर्वी तेथे साध्या ट्यूबलाइट असत. एलईडी कमी विजेत तितकाच प्रकाश देत असल्याने खोली थंड ठेवण्याचा भारही हलका होतो.

दुसरे क्षेत्र बियाणे संशोधनाचे आहे. संकरापासून नवा वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत सामान्यतः दहा-बारा वर्षे जातात, कारण शेतात वर्षाकाठी एक-दोन पिढ्याच घेता येतात. रोज २२ तास प्रकाश देऊन गहू, हरभरा यांच्या वर्षात सहापर्यंत पिढ्या घेता येतात, असे ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. तुरीला फुलोऱ्यासाठी लांब रात्र लागत असल्याने तिची पद्धत वेगळी ठेवावी लागते; हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने ती २०२४ मध्ये जाहीर केली. तूर आणि हरभरा ही वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याची आधाराची पिके आहेत. मर रोगाला दाद न देणारा वा कमी पावसात तग धरणारा वाण चार वर्षे आधी मिळणे म्हणजे काय, हे त्याला सांगावयास नको.

अकोला येथे २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, तसेच घातखेड, दुर्गापूर-बडनेरा आणि सिसा-उदेगाव येथील कृषी विज्ञान केंद्रे ही या भागातील मार्गदर्शनाची ठिकाणे होत. मोठी गुंतवणूक करण्यापूर्वी तेथे विचारणा करावी आणि प्रथम एका फळीवर, दोन नळ्यांखाली, एक हंगामभर प्रयोग करून पाहावा. किती वीज लागली, किती रोपे जगली आणि शेतात लावल्यावर ती कशी वाढली, याची नोंद वहीत ठेवावी. एका फळीचा हिशेब जुळला, तरच दुसरी फळी उभारावी.