‘खर्च ज्याचा त्याने सोसावा’: तडजोडीची शेवटची ओळ

गेल्या भागात आपण वाटपाच्या दाव्याचे टप्पे पाहिले. त्यानंतर श्रोत्यांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला: दावा आपसांत मिटला, तर इतकी वर्षं झालेला खर्च कोणी द्यायचा? आजचा भाग त्याच प्रश्नावर आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 प्रमाणे दाव्याचा खर्च कोणावर टाकायचा हे न्यायालय ठरवतं. सर्वसाधारण नियम असा, की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. तसं करायचं नसेल तर न्यायालयाने कारण लिहायचं. कलम 35 ए खाली, खोटा किंवा त्रासदायक दावा अथवा बचाव असेल तर भरपाई म्हणून वेगळी रक्कम देता येते. पण तिची कमाल मर्यादा आहे 3,000 रुपये! सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितलं की खर्च हा प्रत्यक्ष आणि वाजवी झालेला खर्च असला पाहिजे. 2011 साली दिल्लीतल्या भावाभावांच्या घराच्या एका जुन्या वादात त्याच न्यायालयाने 2,00,000 रुपये खर्च बसवला. असे निकाल आहेत, नाही असं नाही. पण तालुक्याच्या कोर्टातल्या हुकूमनाम्याखालचा खर्चाचा तक्ता बघा. वकील फी तिथे नियमात ठरलेल्या हिशोबाने लागते आणि खरी दिलेली फी तिच्या कित्येक पट असते.

हे सगळं झालं निकाल लागला तर. तडजोडीत कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, त्यामुळे ‘हरणाऱ्याने द्यायचा’ हा नियम लावायला जागाच उरत नाही. पक्षकार जे लिहून देतील तेच खरं. आणि लिहून काय देतात? तडजोड पुरसीसच्या अगदी शेवटी, सह्यांच्या वर, एक ठरलेली ओळ असते: ‘दाव्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावा.’ बहुतेक वेळा ती कोणी वाचतही नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे, की ही ओळ दिसते तितकी समतोल नाही. वाटपाच्या दाव्यात तर नाहीच नाही.

समजा, तालुक्याच्या गावी वडिलोपार्जित घर आहे, मागे मोकळी जागा आहे, पुढे रस्त्यावर दोन गाळे आहेत. वडील गेले. तीन वारस: थोरला भाऊ, बहीण, धाकटा भाऊ. थोरला तिथेच राहतो, गाळ्यांचं महिना 12,000 रुपये भाडं तोच घेतो. बहिणीने 1/3 हिस्सा मागितला, तो नाही म्हणाला, तिने दावा लावला. सहा वर्षांनी मिटला. या काळात तिचे कोर्ट फीचे 44,000, कोर्ट कमिशनर आणि मोजणीचे 36,000 आणि वकिलाचे 1,20,000 गेले. एकूण दोन लाख. थोरल्याने वकिलावर दीड लाख घातले. धाकटा कोर्टात फारसा फिरकलाच नाही.

आता ‘ज्याचा त्याने’ लावून बघा. वरवर पाहता बहिणीचे दोन लाख, दादाचे दीड. पण दादाने दीड लाख आणले कुठून? गाळ्यांच्या भाड्यातून. ते भाडं तिघांचं होतं. म्हणजे त्या दीड लाखातले 50,000 बहिणीचे आणि 50,000 धाकट्याचे. बहिणीने स्वतःचा वकील तर पोसलाच, शिवाय स्वतःच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकिलाची एक तृतीयांश फीही तिनेच दिली. खर्चाच्या ओळीत हे कुठेच दिसत नाही.

म्हणून खर्चाची बोलणी आणि उत्पन्नाचा हिशोब एकत्रच करावा लागतो. सहा वर्षांचं भाडं होतं 8,64,000. बहिणीचा हिस्सा 2,88,000. त्यातून घरपट्टी, डागडुजी वजा होईल आणि ते रास्तच आहे. पण दादाच्या वकिलाची फी त्यात वजा होता कामा नये. ‘घराच्या कोर्टकचेरीला लागले’ असं म्हणून ती रक्कम बेमालूम त्यात घातली जाते. तेव्हा हिशोबाचा कागद मागायचाच.

मग खर्च वाटायचा कसा? वकिलाची फी ज्याची त्याने द्यावी, यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. वकील प्रत्येकाने आपल्या मर्जीने निवडलेला असतो. जाता जाता एक सांगतो. हिश्श्यातली अमुक टक्के जमीन किंवा रक्कम फी म्हणून घ्यायला वकिलांना मनाई आहे. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केलं आहे.

मोजणी आणि कमिशनरचा खर्च मात्र वेगळा. पैसे भरले बहिणीने, पण नकाशा तिघांच्या उपयोगी पडला. सरस-निरस मानाने वाटप झालं ते त्याच नकाशावर. तो हिश्श्याप्रमाणेच वाटला पाहिजे. इथे प्रत्येकी 12,000, म्हणजे बहिणीला 24,000 परत. कोर्टात न फिरकलेल्या धाकट्यालाही हे लागू आहे. फायदा घरबसल्या मिळाला म्हणून खर्चातून सुटका होत नाही.

कोर्ट फीचं गणित मिटवण्याच्या वाटेवर अवलंबून आहे. न्यायालयाने प्रकरण लोकअदालतीकडे पाठवलं आणि तिथे मिटलं, तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे भरलेली फी परत मिळते. बाहेरच्या बाहेर मिटवून पुरसीस दिली, तर महाराष्ट्राच्या कोर्ट फी कायद्यात निम्म्या परताव्याची तरतूद आहे, पण पुरावा नोंदवायला सुरुवात होण्याआधी मिटलं तर. पुराव्याची तारीख जवळ आली असेल तर हे वकिलाला आधीच विचारून ठेवा.

पुढचा खर्चही असतोच. वाटप करून देणारा हुकूमनामा मुद्रांकाच्या दृष्टीने वाटणीपत्रच असतो आणि सर्वांत मोठा हिस्सा सोडून बाकीच्या हिश्श्यांच्या किमतीवर शुल्क लागतं. दाव्यात नसलेली मिळकत तडजोडीत घुसवली, तर तेवढ्यासाठी नोंदणी करावी लागते. हा खर्च कोणाचा, तेही आधीच लिहा.

एका गोष्टीबद्दल सावध करायला हवं. ‘ताई, तुझा कोर्टाचा सगळा खर्च मी देतो, तू हक्कसोड पत्रावर सही कर’ असा प्रस्ताव नेहमी येतो. माहेर तुटू नये म्हणून बहिणी तो स्वीकारतातही. तो त्यांचा निर्णय, त्यात आम्ही पडत नाही. पण याला खर्चाची भरपाई म्हणू नये. दोन लाख घेऊन तिसरा हिस्सा सोडणं म्हणजे तो हिस्सा दोन लाखांना देणं, एवढं डोळ्यांसमोर ठेवून सही करावी. खर्च झेपत नाही म्हणून कोणी अशा प्रस्तावापर्यंत येत असेल, तर स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मिळतं; तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

पुरसीसमध्ये हे कसं लिहायचं? साधारण असं: ‘वकील फी ज्याची त्याने सोसावी. मोजणी व कोर्ट कमिशनरचा खर्च 36,000 रुपये तिन्ही पक्षांनी समान सोसावा. प्रतिवादी 1 व 2 यांनी प्रत्येकी 12,000 रुपये वादीस अमुक तारखेपर्यंत द्यावेत. कोर्ट फीचा परतावा वादीने घ्यावा. मागील भाड्यापोटी प्रतिवादी 1 याने वादीस अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत द्यावी.’ धाकट्यानेही आपल्या भाड्याचं कलम याच कागदात घालून घ्यावं.

हे सह्यांच्या आधीच का? कारण संमतीच्या हुकूमनाम्यावर साधारणपणे अपील नाही, लोकअदालतीच्या निवाड्यावरही नाही आणि राहून गेलेला खर्च मागायला नंतर नवा दावा लावणं जवळपास अशक्य. उलट रक्कम आणि तारीख लिहिलेली असेल, तर पैसे न मिळाल्यास त्याच कोर्टात दरखास्त दाखल करता येते. त्यासाठी मुदत 12 वर्षांची आहे.