तारेचा दिवा का गेला?

अमेरिकेत १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती वापराच्या तारेच्या बल्बची विक्री जवळपास थांबली. २००७ च्या ऊर्जा कायद्यातून आलेली अट साधी आहे: एका वॅटमागे किमान ४५ ल्युमेन उजेड. ६० वॅटचा जुना बल्ब सुमारे ८०० ल्युमेन देतो, म्हणजे वॅटमागे जेमतेम १३. टंगस्टनची तार तापून लखलखते खरी, पण बहुतेक वीज उष्णतेत जाते. एलईडीत तार तापवायचीच नसते. अर्धवाहकातून वाहणारी वीज थेट प्रकाश देते. तेवढ्याच उजेडाला ९ वॅट पुरतात. दिवा रोज पाच तास लागत असेल, तर वर्षाला ९३ युनिट वाचतात, तेही एका दिव्यामागे!

म्हणून मला हा नियम पटतो. तरी जुन्या दिव्याची आठवण काढणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे. त्या उजेडात लाल रंग आणि माणसाची कांती खुलून दिसायची. स्वस्त एलईडीत ती फिकी पडते. तेव्हा खोक्यावर नुसते वॅट पाहू नका. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या पुढचा घ्या, उबदार पिवळ्या उजेडासाठी २७०० केल्विन.

ओव्हनमधल्या दिव्याला मात्र सूट आहे. तिथल्या उष्णतेत एलईडी टिकत नाही.