रंगाऱ्यांची शाळा

कारेलीबागेत मुक्तानंद चौकापासून अमितनगरपर्यंत कुठल्याही सोसायटीत शिरा, एखादा तरी कलाकार पोटापाण्यासाठी संगणकापुढे बसलेला सापडेल. कोणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, कोणी नवरात्रीच्या चणियाचोळीची नक्षी आखते, कोणी जाहिरातीसाठी ॲनिमेशन करतो. यातल्या बऱ्याच जणांचं शिक्षण पडद्यावरच झालेलं असतं. मास्तर अमेरिकेतला, वर्गमित्र मनिला-नैरोबीचे, आणि शंका विचारायची ती रात्री दीड वाजता, घरचे झोपल्यावर. धंदा न सोडता, असेल त्या गावात बसून, एकमेकांचं काम बघत शिकायचं ही सोय इंटरनेटनं आणली असं आपण म्हणतो. बडोद्याच्या माणसानं तरी ते पटकन मान्य करू नये. इथून काही किलोमीटरवर, दांडिया बाजाराजवळच्या कलाभवनात, याच खटपटीची एक फेरी १८९० साली होऊन गेली आहे.

कलाभवन म्हटलं की बाहेरच्या लोकांना शांतिनिकेतन आठवतं. ते १९१९चं. बडोद्याचं त्याच्या एकोणतीस वर्षं आधीचं, आणि त्याच्या नावातल्या कलेत सुतारकामही होतं, यंत्रकामही आणि कापड रंगवणंही. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. रिक्षावाल्याला ‘टेक्नॉलॉजी फॅकल्टी’ सांगितलं तर तो एखादा क्षण विचार करेल, ‘कलाभवन’ म्हटलं की मीटर टाकेल.

ही संस्था ज्यांच्या डोक्यातून निघाली ते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जन्म सुरतेचा, १८६३चा. जात सुताराची, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, विषय रसायनशास्त्र. १८८६मध्ये ते बडोदा कॉलेजात रसायनाचे प्राध्यापक म्हणून आले. सुताराच्या घरात वाढलेला आणि प्रयोगशाळेत तयार झालेला असा माणूस त्या काळात दुर्मीळच. हत्यार धरणाऱ्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं. महाराजा सयाजीरावांनी या तरुण प्राध्यापकाचं ऐकलं, आणि १८९०मध्ये कलाभवन उघडलं.

पहिली गोष्ट गज्जरांनी ठरवली ती भाषेची. चित्रकला, बांधकाम, यंत्रविद्या, रंगाईची रसायनं हे सगळं देशी भाषेत शिकवायचं. इंग्रजी येत नाही म्हणून कोणाची वाट अडायची नाही. हे बोलायला सोपं आहे, पण पुस्तकं कुठून आणायची? त्यासाठी महाराजांनी पन्नास हजार रुपये मंजूर केले आणि ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ नावाची ग्रंथमाला सुरू झाली. रुपयाला तेव्हा जी किंमत होती ती बघता, आजचा कुठलाही डिजिटल शिक्षण प्रकल्प आपल्या भाषेवर त्या मानानं काय खर्च करतो, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. सबटायटल टाकली की भाषेचं काम झालं, अशी आपली हल्लीची समजूत.

पण मोठी अडचण वेगळीच होती. रोजच्या मजुरीवर ज्याचं घर चालतं, त्या रंगाऱ्यानं वर्षानुवर्षं वर्गात बसायचं कसं? पोराला पाठवलं तरी तेवढे दोन हात कामातून गेले. कारागिरांसाठी काढलेली शाळा कारागिराला परवडत नाही, हा पेच तेव्हाही होता आणि आजही आहे. गज्जरांनी त्यावर काढलेला उपाय मला त्यांच्या इमारतीपेक्षा मोठा वाटतो. त्यांनी रंगाई-छपाईवर एक त्रैमासिक सुरू केलं, नाव ‘रंगरहस्य’. माणूस शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेनं त्याच्या कारखान्यात जावं.

या नावातलं ‘रहस्य’ पोकळ नव्हतं. रंगाऱ्याचं खरं भांडवल म्हणजे त्याची कृती, आणि ती बापाकडून मुलाकडेच जायची. लाल रंगाचंच बघा. आल नावाच्या झाडाच्या मुळीपासून लाल काढायचा तर कापड आधी तेलात आणि खारात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवायचं, मग हरड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटी, आणि शेवटी मुळीच्या भुकटीबरोबर उकळायचं. यात दिवसचे दिवस जात. १८६८मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतला लाल पदार्थ, अलिझरीन, प्रयोगशाळेत बनवला आणि पुढच्या काही वर्षांत तो डब्यात भरून बाजारात आला. तो स्वस्त होता, काम झटपट होई, आणि लाली दर खेपेला सारखी. रंगाऱ्याच्या पोटावर पाय आला तो इथे.

आता जरा जवळून पाहू. अलिझरीन नुसतं सुती कापडावर धरत नाही. त्याला मध्ये धातूच्या क्षाराचा दुवा लागतो. तुरटी लावलेल्या जागी लाल येतो, लोखंडाचं पाणी लावलेल्या जागी जांभळट काळा. एकाच भांड्यात एकच कापड बुडवलं तरी दोन रंग निघतात. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून काळ्याचं पाणी करायचं, हे आपल्या छिप्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. हरड्याचंही तसंच. ॲनिलीनपासून केलेले दुसरे नवे भडक रंग रेशमावर आपसूक बसतात, सुतावर बसत नाहीत, पहिल्या धुण्यात निघून जातात. टॅनिन लावलं तर धरतात, आणि हरड्यात टॅनिन भरपूर. म्हणजे नव्या डब्यामुळे मुळी गेली, पण हरडा, तुरटी आणि ती लावणारा हात यांची गरज राहिलीच. नवं शिकवणाऱ्याला जुन्या कामाची माहिती असली तरच हे असं सांगता येतं. सॉफ्टवेअरची बटणं दाखवणाऱ्या आजच्या पाठांतून नेमकं हेच गळतं: चित्र काढणाऱ्याला आधीपासून काय येतं, हे त्यांना विचारावंसंच वाटत नाही.

रंगाऱ्यानं हे नवं शिकण्यात जर्मन रंग कंपन्यांचा स्वार्थ होता, हे लपवण्यात अर्थ नाही. रंगाऱ्याला अलिझरीन वापरता आलं तर डबे खपणार. आज सॉफ्टवेअर कंपन्या फुकट शिकवण्या चालवतात त्याच हिशेबाने. गज्जरांना हे कळत होतं. माल परका असला तरी विद्या एकदा आपल्या हाती आली की आपण माल बनवू, असा त्यांचा डाव होता. तो पूर्णपणे फसला असंही म्हणता येत नाही. त्यांच्याच परिवारातल्या कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७मध्ये अलेम्बिक उभी केली. ती पुढे बडोद्यात वाढली आणि आजही चालू आहे.

मराठी वाचकाला कलाभवन ओळखीचं वाटावं ते एका विद्यार्थ्यामुळे. धुंडिराज गोविंद फाळके जे. जे.मधून बडोद्याला आले आणि इथे चित्रकला शिकले. पण ते चित्रकलेच्या वर्गात बसून राहिले नाहीत. छायाचित्रणाचं वेड लागलं, गज्जरांनी प्रोत्साहन दिलं, पुढे रतलामला जाऊन तिरंगी ब्लॉक आणि फोटोलिथो शिकून आले. मग लोणावळ्याला रविवर्मा प्रेसचं काम. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ घडवायला रंग, भिंग, रसायन, छपाई, मातीकाम असं सगळंच हाताखालून गेलेला माणूस लागला. एका खोलीत तैलरंग आणि शेजारच्या खोलीत अंधारकोठडी असली की असं होतं. ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या यादीत शेजारची खोली नसते. तुम्ही जे शोधलंत तेच आणखी दाखवलं जातं.

१८९६मध्ये गज्जर बडोदा सोडून मुंबईला विल्सन कॉलेजात गेले. त्याच वर्षी चापेकर बंधूंनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, आणि ते काढून पुतळा पुन्हा पांढरा केला तो याच गज्जरांनी. मराठी माणसाला हा तपशील जरा टोचतोच. कलाभवन त्यांच्यामागे चालत राहिलं, वाढलं, १९४९मध्ये विद्यापीठ झाल्यावर त्यात सामावलं. चांगले इंजिनिअर त्यानं दिले. रंगाऱ्याच्या दारात जाण्याची उमेद मात्र संस्थापकाबरोबर गेली, असं माझं मत आहे. पदवी द्यायला लागली की संस्थेचं तोंड रंगाऱ्याकडून परीक्षेकडे वळतं.

ती उमेद बडोद्यात पुन्हा दिसली ती चित्रकारांमध्ये. १९५०मध्ये सुरू झालेल्या ललित कला शाखेत इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आले आणि १९६६पर्यंत राहिले. के. जी. सुब्रमण्यन यांनी मधली काही वर्षं मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काढली आणि हातमागाची जाण घेऊन परतले. १९६१मध्ये ललित कलेचा मेळा सुरू झाला. एरवी कॅनव्हासपुढे उभे राहणारे मास्तर आणि विद्यार्थी त्यात खेळणी बनवून विकत. आणि १९६९ ते १९७३ या काळात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी ‘वृश्चिक’ नावाचं छोटेखानी नियतकालिक काढलं. आत कधी लिनोची मूळ छापचित्रं असत, कधी ललित कला अकादमीशी मांडलेलं भांडण. गीता कपूर यांचा ‘इन क्वेस्ट ऑफ आयडेंटिटी’ हा दीर्घ निबंध त्यातच क्रमशः आला. वाचणारा आणि लिहिणारा एकाच धंद्यातले, आणि उत्तर द्यायची मुभा दोघांना. ‘रंगरहस्य’चा वारस शोधायचा तर मी ‘वृश्चिक’कडे बोट दाखवेन, जरी रंगारी त्याच्या वर्गणीदारांत नसणार.

आता हे बरंचसं साहित्य खरोखरच ऑनलाइन आहे. हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हनं ज्योती भट्ट, रतन परिमू, शेख आणि सुब्रमण्यन यांच्या खासगी संग्रहांचं डिजिटायझेशन करून ‘बडोदा अर्काइव्ह्ज’ नावानं ते खुलं केलं आहे. ज्योतीभाईंनी गुजरातभर हिंडून टिपलेली भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदणं ही पुढच्या पिढ्यांच्या चित्रकारांसाठी खाणच आहे. हे सगळं कारेलीबागेतल्या मुलीला मध्यरात्री घरबसल्या पाहता येतं. फक्त शोधायचं ते इंग्रजीत. जेतपूरच्या कापडछपाईच्या कारखान्यातल्या कारागिराला आपल्याच आजीच्या गावची भिंत तिथे शोधायची असेल, तर ‘लींपण’ (सारवण) किंवा ‘साथिया’ (रांगोळी) गुजरातीत टाइप करून भागणार नाही. या कामासाठी पन्नास हजार मंजूर करणारा महाराजा आता नाही, पण एवढ्या कारखान्यांच्या शहरात तेवढ्याची सोय करणारं कोणी निघू नये, याचं मला आश्चर्य वाटतं.