पाऊस पाडणारा ‘इट’

अल्बेनियन माणूस नुसतं ‘फ्लास’ म्हणतो आणि ‘मी बोलतो’ असा पूर्ण अर्थ होतो. कर्ता क्रियापदाच्या शेपटातच बसलेला! इंग्रजीत मात्र ‘आय’ प्रत्येक वेळी म्हणावाच लागतो.

खरी गंमत ‘इट’ची. अल्बेनियनमध्ये पुस्तक पुल्लिंगी, टेबल स्त्रीलिंगी. म्हणजे पुस्तक ‘आइ’ (तो) आणि टेबल ‘आयो’ (ती). त्यामुळे इंग्रजी शिकणारा नवखा अल्बेनियन विद्यार्थी हरवलेल्या पुस्तकाला सहज इंग्रजी ‘ही’ (तो) म्हणून जातो. पावसाचं तर विचारूच नका. ‘बिए शी’, शब्दशः ‘पडतो पाऊस’, थेट आपल्यासारखं. इंग्रजीत पाऊस पाडायला एक ‘इट’ लागतो, आणि तो कोण हे इंग्रजांनाही सांगता येणार नाही.

इंग्रजीत अनेकवचनी ‘ते’ आणि ‘त्या’ दोघांनाही ‘दे’, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोघांनाही ‘यू’. इथे ओझं हलकंच होतं. उलट, आईला काही सांगितलं तर अल्बेनियनमध्ये ‘तिला सांगितलं आईला’ असं दुहेरी बोलावं लागतं. ही सवय इंग्रजीत शिरली की ‘आय टोल्ड हर माय मदर’ कागदावर उतरतं. चूक खरी, पण तिच्यामागे अख्खं व्याकरण उभं असतं.