लिंबूटिंबूचा कप्तान

चाळीच्या अंगणात किंवा वाड्याच्या बोळात क्रिकेटचा डाव मांडला, की घरातून हमखास हाक येते, "धाकट्यालाही घे रे खेळायला!" थोरल्याच्या कपाळाला आठी पडते. पण आईचा हुकूम मोडता येत नाही. मग तोड निघते. धाकटा 'लिंबूटिंबू'! पहिल्या चेंडूवर तो बाद नाही, त्याला चेंडू हळू टाकायचा आणि तो रडू लागला तर समजूत थोरल्यानेच घालायची. कच्च्या भिडूला सांभाळून डाव पुढे न्यायचा, हेच तर कप्तानाचे काम. त्याची शिकवणी अशी घरच्या घरी, फुकट होते.

नागपूरचे नायडू बंधू आठवा. सी. के. १८९५चे, सी. एस. १९१४चे. १९३२मध्ये सी. के. भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. जानेवारी १९३४मध्ये कलकत्त्यात सी. एस. पहिली कसोटी खेळले, तेही भावाच्याच हाताखाली. पण लाड मात्र नव्हते! १९४४-४५च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध सी. के. होळकर संघाचे कर्णधार होते, आणि सी. एस. यांनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. ४२८ धावा देऊन त्यांनी ११ बळी घेतले. होळकर हरले, पण धाव फुटत असतानाही चेंडू धाकट्याच्याच हाती राहिला. भरवसा म्हणतात तो हाच.

मोठेपणाची दुसरी बाजूही आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या चॅपेल कुटुंबात तीन भाऊ. थोरल्या ईयनने ३० कसोटींत नेतृत्व केले आणि एकही मालिका गमावली नाही. १९७५मध्ये कर्णधारपद मधल्या ग्रेगकडे आले. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. ग्रेगने गोलंदाजाला चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितले. गोलंदाज होता धाकटा ट्रेव्हर. त्याने निमूटपणे ऐकले. नियमात बसणारा तो चेंडू खेळाला मात्र काळिमा लावून गेला. ईयननेही भावाची गय केली नाही, जाहीर टीका केली. मोठा म्हणून हुकूम सोडणे सोपे. त्या हुकमाचा डाग धाकट्याच्याही माथी बसतो, हे भान ठेवणे अवघड.

आणि नेतृत्व काही थोरल्यांनाच आंदण दिलेले नाही. सौरव गांगुली आणि महेंद्रसिंग धोनी दोघेही घरात धाकटे. सचिन तेंडुलकरला पहिली बॅट बहीण सविताने दिली, आचरेकर सरांकडे नेले ते भाऊ अजितने. धाकट्यातले गुण ओळखून वेळीच योग्य हाती सोपवणे, हेही नेतृत्वच. त्यासाठी नाणेफेकीला जावे लागत नाही.

आपल्या घरात "तू मोठा ना? तूच समजून घे" हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारले जाते! सतत पडते घेण्याची सक्ती झाली, तर मूल जबाबदार होण्याऐवजी कुढत राहते. म्हणून थोरल्याला, थोरलीला कामाबरोबर निर्णयाचा अधिकारही द्या, आणि कधी चुकू द्या. येत्या रविवारी अंगणात संघ पाडाल, तेव्हा एक डाव धाकट्यालाही कप्तान करा. त्या डावात ताई-दादाने निमूट सीमारेषेवर उभे राहायचे. तोही धडा कप्तानाला लागतोच.