हैदराबाद संस्थानाची संविधानास संमती

भारताच्या संविधान सभेने 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान स्वीकृत केले, तेव्हा त्या सभेत आदिलाबाद जिल्ह्याच्या वतीने बोलणारा कोणीही नव्हता. हा जिल्हा हैदराबाद संस्थानात मोडत असे आणि संस्थानाच्या वाट्याच्या 16 जागा अखेरपर्यंत रिक्तच राहिल्या.

सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईनंतर संस्थानाचा कारभार लष्करी प्रशासनाकडे गेला होता. म्हैसूर, सौराष्ट्र व त्रावणकोर-कोचीन येथे स्थानिक संविधान सभा होत्या. हैदराबादेत त्या वेळी लोकनियुक्त सभागृहच नव्हते. मग संमती द्यावयाची कोणी?

निजाम मीर उस्मान अली खान यांनी 23 नोव्हेंबर 1949 रोजी फर्मान काढले. भारताचे संविधान हेच हैदराबादचेही संविधान राहील, असे त्यात घोषित केले होते. मात्र हा निर्णय जनतेच्या अनुमोदनास अधीन होता. राज्याची स्वतंत्र संविधान सभा लवकरच स्थापन होऊन, संघराज्याशी राज्याचे नाते कोणते असावे हे तिच्याद्वारे व्यक्त झालेली लोकेच्छाच अंतिमतः ठरवील, असे अभिवचन त्यात होते. पिढीजात राजसत्तेने लोकेच्छा श्रेष्ठ मानावी, ही गोष्ट लहान नव्हे. अर्थात त्यामागे परिस्थितीचा रेटा होता, हे उघड आहे.

ती सभा भरलीच नाही. 26 जानेवारी 1950 पासून हैदराबाद हे 'ब' वर्गातील राज्य झाले व निजाम राजप्रमुख झाले. प्रौढ मतदानाने निवडलेली 175 सदस्यांची विधानसभा 1952 मध्ये अस्तित्वात आली. या मतदानातच अनुमोदन आले, असे म्हणता येईल. परंतु मतदारांपुढे उमेदवार होते, संविधान नव्हते, हा आक्षेप तर्कदृष्ट्या बिनतोड आहे.

तथापि, अनुमोदनावाचून लागू झालेल्या याच संविधानाने जिल्ह्यातील दुर्बलांना आधार दिला. जमीन व जंगलाच्या हक्कासाठी 1940 मध्ये कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली जोडेघाट येथे गोंडांनी प्राण वेचले होते. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने जिल्ह्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आली.

संघराज्याशी नाते ठरविण्याचे अभिवचन मात्र अपुरेच राहिले. संविधानाच्या अनुच्छेद 3 नुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. विधानसभेचे मत मागविले जाते, ते बंधनकारक नसते. 1956 च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाने हैदराबाद राज्यच संपुष्टात आले. किनवट व राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशातील आदिलाबादला जोडली गेली. 2016 च्या जिल्हा विभाजनानंतर ती तेलंगणातील निर्मल जिल्ह्यात आहेत.